चुकाऱ्याचा पिच्चर

अमरावतीत नव्या माणसाला पत्ता सांगायचा तर अजूनही टाकीज सांगावी लागते. राजकमल चौक, चित्रा चौक, श्याम चौक, प्रभात, सरोज. ऑटोवाल्यापुढे यातलं एक नाव टाकलं की तो पुढचं काही विचारत नाही. यांतल्या बऱ्याच पडद्यांवर आता काही उमटत नाही, पण चौकांना दुसरं नाव चिकटायला तयार नाही. ज्या राज्यात चौकाच्या नावावरून मोर्चे निघतात, तिथे एका शहराने आपले नाके बिनतक्रार चित्रपटगृहांना देऊन टाकले, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे.

मी जन्माने अकोल्याचा, आजोळ अमरावतीचं. माणेक आणि वसंत टाकीजचा अभिमान बाळगूनही कबूल करतो, की पिच्चरच्या बाबतीत अमरावती आमच्या एक पाऊल पुढे होती. मामेभाऊ ते वर्षभर ऐकवत. त्यांच्या फुशारकीला आधारही होता. हिंदी सिनेमाच्या धंद्याने देशाचे जे तुकडे पाडले आहेत, मुंबई, दिल्ली-यूपी, निजाम, म्हैसूर वगैरे, त्यातला एक म्हणजे ‘सी. पी. बेरार’. या नावाचा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात आलं, १९६० साली महाराष्ट्रात. वितरकांच्या वहीत मात्र इंग्रजांचा प्रांत अजून नांदतो आहे. विदर्भ आणि पलीकडचा मध्य प्रदेश-छत्तीसगडचा मुलूख या वहीत एका पानावर येतो, आणि या पानाचा कारभार ज्या गावांतून चाले त्यांत भुसावळ आणि अमरावती ही दोन ठळक नावं. मुंबईहून रिळांच्या पेट्या इथल्या कचेऱ्यांत उतरायच्या आणि इथून रेल्वेने, एस.टी.च्या टपावरून तालुक्यांना जायच्या. ‘पेटी आली काय?’ हा प्रश्न मूर्तिजापूरला, दर्यापूरला, अचलपूरला शुक्रवारी सकाळी ज्या आवाजात विचारला जाई, त्या आवाजात लोक एरवी फक्त पावसाची चौकशी करतात.

या पेटीची वाट सगळ्यात जास्त पाहिली जाई ती हिवाळ्यात. त्याचं कारण सुट्टी होतं असं मी बरीच वर्षं मानत होतो. आता तसं वाटत नाही.

खरं पाहता आमच्या मराठी शाळेला नाताळची सुट्टी एकच दिवस, पंचवीस तारखेची. आठ-दहा दिवसांची सुट्टी कॉन्व्हेंटच्या पोरांना आणि कोर्टाला. कोर्टाच्या या सुट्टीनेच एकदा सगळा देश अमरावतीत आणून बसवला होता. राष्ट्रीय सभेची अधिवेशनं त्या काळी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरत, कारण पुढारी बहुतेक वकील आणि वकिलांना सवड तेव्हाच. १८९७ चं अधिवेशन अमरावतीला झालं, अध्यक्ष सी. शंकरन नायर, आणि स्वागताचा भार दादासाहेब खापर्ड्यांवर. वऱ्हाडातला सगळ्यात गाजलेला नाताळ शोधायचा तर तो हा. त्यात ना केक होता ना सिनेमा. सिनेमा तर मुंबईत येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

शाळा उघडी असली तरी डिसेंबरात अभ्यास होत नसे, ही गोष्ट वेगळी. वीस तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच तारखेला बाबा अमरावतीजवळ, वलगावच्या वाटेवर गेले. सत्तावीसला पंजाबराव देशमुखांची जयंती, आणि अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजांचं जाळं इतकं दाट की ती तारीख अर्ध्या शहराच्या घरातली होते. मधल्या दिवसांत गॅदरिंग, चिखलदऱ्याची नाहीतर नरनाळ्याची सहल, आणि एखाद्या वर्षी शाळेतर्फे सिनेमा. आम्हाला रांगेने नेऊन दाखवलेला सिनेमा ‘देवकीनंदन गोपाला’, राजदत्तांचा, १९७७ सालचा. डॉक्टर श्रीराम लागूंनी गाडगेबाबा उभे केले होते. पुण्या-मुंबईच्या मुलांना तो थोर पुरुषावरचा चित्रपट वाटला असेल. आमच्या वर्गात अशी पोरं होती ज्यांच्या आज्याने बाबांच्या खराट्याचा दांडा पायावर खाल्ला होता. ती पोरं मध्यंतरात बाकीच्यांना सांगत होती, की असं नाही, बाबा असं बोलत.

तर सुट्टी नव्हे, कापूस. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला सीतादही होते, म्हणजे वावरात पूजा मांडून वेचणीला हात घातला जातो. मार्गशीर्ष-पौषात बंड्या भरभरून बाजाराला लागतात. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षं राज्यात एकाधिकार खरेदी होती, तेव्हा कापूस सरकारी केंद्रावर घालायचा आणि पैसे हप्त्यांनी घ्यायचे. त्या पैशाला आमच्याकडे ‘चुकारा’ म्हणतात. चुकारा आला की आधी उधारी, मग औषधवाला, मग पोट्ट्यांना सोटर, आणि यातून काही उरलं तर पिच्चर. थंडी, हातात थोडा पैसा आणि पाहुण्यांनी भरलेलं घर या तीन गोष्टी वर्षात एकदाच जुळून येत. वऱ्हाडातली हिवाळी पिच्चरची चाल चर्चमधून आली नाही आणि शाळेतूनही नाही. ती कापसाच्या गंजीतून निघाली, असं माझं मत आहे. ज्यांच्याकडे वावर नव्हतं अशा मास्तर-कारकुनांच्या घरांनीही ती उचलली, कारण बाजारात सैल हात दिसला की आपलाही सैल होतो.

आजोळी, आजोबांच्या म्हणजे आबाजींच्या घरून पिच्चरला जायचं म्हणजे आदल्या दिवसापासून तयारी. टांग्याला भोंगा बांधून जाहिरात फिरे. त्या टांग्यामागे पळत जाऊन आणलेला गुलाबी कागद आबाजींपुढे ठेवायचा. ते चष्मा लावून वाचत आणि एकच विचारत, ‘बायकापोरांनी पाहण्याजोगा हाय काय?’ हा आमचा सेन्सॉर. मग सहाचा खेळ ठरे. नऊचा नको, थंडी बाधते. मामी आणि मोठीमाय दुपारीच वांगी भाजून ठेवत, भाकरीचं पीठ काढून ठेवत. फल्लीदाणे, फुटाणे, वरूडकडची संत्री पिशवीत. कानटोपऱ्या चढवून बारा पोट्टे, सहा मोठी माणसं अशी वरात निघे. संत्र्याची सालं बाल्कनीतून खाली टाकली की खालून शिवी येई. ती शिवीही कार्यक्रमाचाच भाग असे.

मोठीमायची एक गोष्ट तेव्हा मला विचित्र वाटायची. पिच्चर संपायला पंधरा-वीस मिनिटं उरली की ती उठे. पदर डोक्यावरून घेऊन, गुडघ्यांमधून वाट काढत निघून जाई. आम्ही घरी पोचायच्या आत चूल पेटलेली हवी, इतक्या माणसांच्या भाकऱ्या व्हायच्या असत. रात्री ताटं वाढता वाढता ती विचारी, ‘मंग शेवटी काय झालं रे? भेटले काय माय-लेक?’ आणि आम्ही बारा तोंडांनी सांगत असू. वर्षानुवर्षं तिने पिच्चरचा शेवट असा ऐकला. या आठवणींना साखर लावून सांगायची आता रीत पडली आहे म्हणून हे लिहून ठेवतो: त्या रम्य हिवाळी संध्याकाळींना एक बाई दर वेळी कमी पडत होती आणि आम्हाला ते दिसत नव्हतं.

दुसरं एक माणूस कमी पडलं ते मात्र लगेच दिसलं. १९७९ च्या हिवाळ्यात, एका टाकीजच्या दारात, मामांनी नेहमीप्रमाणे मुंडकी मोजली. ‘बारा व्हते, अकराच दिसून रायले.’ पुन्हा मोजली, अकराच. सहा वर्षांचा मावसभाऊ बाल्कनीत शालीत गुरफटून झोपला होता आणि नऊच्या खेळाचं पब्लिक आत शिरलं होतं. मामा आत धावले, खुर्ची रिकामी. मावशीने बाहेर जो टाहो फोडला तो आतल्या पिच्चरपेक्षा सरस होता. पोट्टा सापडला मागच्या अंगणात, डोअरकीपरच्या शेकोटीजवळ, गालात फुटाणे. ‘तुमचा हाय काय? मले वाटलं आमच्या मॅनेजरचा हाय,’ डोअरकीपर म्हणाला. पुढे केबलवर ‘होम अलोन’ पाहिला, त्यात नाताळच्या प्रवासाला निघालेलं कुटुंब एक मुलगा घरीच विसरतं, तेव्हा आमच्या घरात कुणी त्याला इंग्रजी पिच्चर मानलाच नाही. त्या रात्री आम्ही पाहिला कुठला पिच्चर, हे मात्र आज बारापैकी एकालाही आठवत नाही.

ही झाली बाल्कनीची गोष्ट. कापूस वेचणाऱ्या बायांचा हिवाळा निराळा. दव अंगावर घेत पहाटे निघायचं, किलोवर वेचाई मोजून घ्यायची, बोंडांच्या नख्यांनी बोटं फाटलेली. त्यांचा पिच्चर शहरात नसे, तो जत्रेत येई. परतवाड्याहून बैतुलकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाचं ठाणं आहे. वीस डिसेंबरच्या सुमाराला तिथे यात्रा भरते ती महिना-सव्वा महिना चालते. हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवरचे रोडगे यासाठी लोक आजही तिथे जातात, मध्य प्रदेशातूनही येतात. एके काळी तंबूतला सिनेमा हे तिथलं तिसरं पक्वान्न होतं. राहुटी, तट्ट्याचं कुंपण, धुराड्या जनरेटर आणि जमिनीवर बसकण. पडदा पातळ असल्याने मागच्या बाजूनेही दिसे. मागे बसणाऱ्याला हिरो डावखुरा दिसायचा आणि नावं उलटी. वाचता न येणाऱ्याला त्याने काय फरक पडणार होता! मेळघाटातून उतरलेली कोरकू मंडळी, वेचणीच्या टोळ्या, गाडीवान, सगळे एकाच पालाखाली, अंगावर वाकय घेऊन. (वाकळ म्हणा हवं तर; आमच्याकडे तिला वाकयच म्हणतात आणि तशीच ती जास्त ऊब देते.) महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. तोवर आमच्याकडचे बहुतेक तंबू गुंडाळले गेले होते.

तंबूचं कंबरडं टीव्हीने मोडलं असं सगळे म्हणतात. माझ्या आठवणीत ते काम व्हिडिओने केलं. १९८४ च्या सुमाराला दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं देशभर भराभर उभी राहिली आणि वऱ्हाडातल्या गच्च्यांवर अँटेना उगवल्या. मुंबई-पुण्याची माणसं टीव्हीवरच्या मराठी चित्रपटाच्या आठवणी काढतात. आमच्या अँटेनाला दिल्लीच दिसायची. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं ते ऐन थंडीत, आणि रविवार सकाळची आंघोळ त्या दिवसापासून मागे पडली ती पडलीच. पण टीव्ही जे दाखवील ते पाहावं लागे. व्हिडिओत मर्जी आपली.

व्हिडिओची रात्र हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तरी थोडं सांगतोच. गल्लीतून वर्गणी गोळा व्हायची. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असा भाड्याचा संच सायकलरिक्षातून, गादीवर ठेवून, नव्या नवरीसारखा यायचा. अंगणात सतरंज्या, मागे खाटा. क्रम ठरलेला: पहिला पिच्चर म्हाताऱ्यांसाठी देवाधर्माचा किंवा रडायचा, दुसरा मारामारीचा, आणि तिसरा पहाटे तीनला, जो उरलेले चार-पाच जणच पाहत. चित्र फाटायला लागलं की एखादा जाणकार कोरी नोट मागून तिने हेड पुसायचा, आणि लाइन गेली की सगळी गल्ली एकदम ‘ओऽऽ’ करायची. लाइन येईपर्यंत शेकोटी, आल्याचा चहा, कच्चा चिवडा आणि भुतांच्या गोष्टी. खरं सांगू? मला पिच्चरपेक्षा लाइन गेलेली आवडायची.

आमच्या अकोल्याच्या गल्लीत एक ख्रिस्ती घर होतं. अकोल्यात अमेरिकन मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं. अमरावतीला कॅथलिक धर्मप्रांताचं ठाणं १९५५ साली झालं. म्हणजे नाताळ इथे काल-परवा आलेला पाहुणा नाही. डिसेंबरात त्यांच्याकडे रात्री गाणारी मंडळी येत, तबला-पेटीवर मराठी भजनं म्हणत, त्यांत नारायण वामन टिळकांची असत. सकाळी ताट येई: केक, आणि शेजारी करंज्या, शंकरपाळे. दिवाळीचा फराळ आमच्याकडून तिकडे गेलेला असे, हा त्याचा परतावा. एका वर्षी चर्चच्या अंगणात पांढरी चादर ताणून ‘दयासागर’ दाखवला. मूळ तेलुगू, १९७८ चा, येशूच्या चरित्रावरचा. हिंदीत बोलणारा तो येशू गावोगाव पडद्यांवर फिरला. आम्ही सगळे हिंदू-बौद्ध पोट्टे पुढच्या रांगेत. क्रुसाच्या प्रसंगाला शेजारची मावशी रडली, तिच्यापाठोपाठ माझी आई, आणि आईला रडताना पाहून मी.

त्या रात्रीचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी फाळक्यांबद्दल वाचताना लागला. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशूचं चरित्र पाहिलं आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण त्यांना दिसू लागले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तो दिवस कोणी १९१० च्या नाताळचा सांगतं, कोणी १९११ च्या ईस्टरचा. मला त्यातला दुसराच तपशील मोठा वाटतो: तो सिनेमा त्यांनी घरच्यांना सोबत घेऊन पाहिला. थोरल्या मुलाला नेलं, सरस्वतीबाईंना नेलं. पुढे रात्र-रात्र पांढरी चादर धरून उभं राहणं, फिल्मला भोकं पाडणं, कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक हे सगळं त्याच बाईंनी केलं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे सणाच्या दिवसांत सहकुटुंब पाहिलेला एक सिनेमा आहे, आणि चुलीपाशी परत गेलेली एक बाईही आहे.

अमेरिकेतल्या लोकांचे नाताळचे पिच्चर तरी कुठे आकाशातून पडले? ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा त्यांचा सगळ्यात लाडका. डिसेंबर १९४६ मध्ये आला तेव्हा तो खर्चही भरून काढू शकला नाही. १९७४ साली कुणीतरी हक्काचं नूतनीकरण करायला विसरलं, टीव्ही केंद्रांना तो जवळपास फुकट मिळू लागला, आणि फुकटचा माल म्हणून दर नाताळात लावून लावून त्याची परंपरा झाली. ही हकिगत वाचून मी मोठ्याने हसलो, कारण आपल्याकडे ‘सूर्यवंशम’ आहे. १९९९ साली थिएटरात यथातथाच चाललेला तो पिच्चर एका वाहिनीने इतक्यांदा दाखवला, की आज भानुप्रतापची खीर ठाऊक नसलेलं घर वऱ्हाडात मिळायचं नाही. मराठीत तेच भाग्य ‘अशी ही बनवाबनवी’चं, फक्त तो मुळातही गाजला होता. लहानपणी एकच गोष्ट शंभरदा ऐकायचा हट्ट आपण धरतो, तसाच हा प्रकार. संवाद आधीच म्हणून टाकायचा आणि शेजारच्याने ‘गप रे’ म्हणायचं.

डिसेंबरचा बाजार मुंबईच्या निर्मात्यांना उशिरा कळला, कळला तो पक्का. २९ डिसेंबर १९८९ चा ‘मैंने प्यार किया’ आमच्या पिढीचा. कबुतर, टोपी आणि घराघरांत वाजणारी कॅसेट. पुढे आमिर खानने हा आठवडा जणू सातबाऱ्यावर चढवून घेतला: २००७ ला ‘तारे जमीन पर’, २००८ ला ‘गजनी’, २००९ ला ‘थ्री इडियट्स’, २०१४ ला ‘पीके’, २०१६ ला ‘दंगल’. यातल्या ‘दंगल’ची आठवण वेगळी. नोटाबंदी होऊन जेमतेम दीड महिना झाला होता, कापसाच्या बाजारात रोख पैसा दिसत नव्हता, आणि तरी दोन मुलींना तालमीत उतरवणाऱ्या बापाला बघायला माणसं गेली. मराठीनेही वर्षाचा हा सांधा धरला. ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० चा, ‘टाइमपास’ २०१४ च्या पहिल्या शुक्रवारचा, ‘वेड’ २०२२ च्या शेवटच्या. आमची बोली मात्र या चकचकीत आठवड्यात क्वचितच ऐकू येते. ती ऐकायची तर सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहावा लागतो, जो सहकुटुंब पाहवत नाही, कारण ज्यांचा चुकारा आलाच नाही त्यांची ती गोष्ट आहे.

‘वेड’ आम्ही २०२३ च्या जानेवारीत अमरावतीला पाहिला. मामेभावाची हौस. बारापैकी सात जण जमलो, त्यांची पोरं धरून सतरा. एक बंगळुरूहून आलेला, एक अमेरिकेहून. तिकिटं मोबाइलवर, खुर्च्या मागे रेलणाऱ्या, संत्री नेऊ देत नाहीत म्हणून ती गाडीतच. आत एसी इतका कडक की कानटोपऱ्यांची आठवण झाली. मोठीमायलाही आणलं होतं, ब्याऐंशी वर्षांची, चाकाच्या खुर्चीला ठाम नकार देऊन काठी टेकत आलेली.

सुटल्यावर बाहेर, गिला वडा कुठे खायचा यावर भांडण चालू असताना, कुणी तरी सवयीने मुंडकी मोजली. एक कमी. पोरांकडे पाहिलं, सगळी मोबाइलमध्ये डोकं घालून उभी. मी परत आत गेलो. दिवे लागले होते, झाडूवाला पोरगा रांगेच्या टोकाशी उभा होता आणि मोठीमाय मधल्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी घेऊन, पडद्यावर वर सरकणारी नावं पाहत बसली होती.

‘मोठीमाय, संपला ना पिच्चर.’

‘मालूम हाय,’ ती म्हणाली. ‘बस जरा.’